वस्तऱ्याची धार आणि निसण्याचा दगड

मनुष्याच्या दाढीचा केस वस्तऱ्याच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पटींनी मऊ असतो. असे असूनही काही दिवसांच्या वापरानंतर बोथट होतो तो वस्तरा; केस पूर्वीसारखाच राहतो. मऊ पदार्थ कापताना कठीण हत्यार झिजावे, हा अनुभव सुताराला नवा नाही. परंतु लाकडात गाठी असतात, क्वचित वाळूचे कण अडकलेले असतात, आणि त्यांकडे बोट दाखविता येते. केसात तसे काहीच नाही. या कोड्याचे समाधानकारक उत्तर धातुशास्त्रज्ञांना मिळाले ते अगदी अलीकडे, २०२० साली. तथापि वस्तऱ्याची धार करणारे कारागीर त्या उत्तराची वाट पाहत बसले नव्हते. केसाने पोलाद कसे खराब होते हे ठाऊक नसतानाही ते पुन्हा दुरुस्त कसे करावे, हे त्यांना शतकानुशतके ठाऊक होते. त्यांच्या कृतीमागे कोणते शास्त्र आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जेथे एकमेकांस भेटतात ती रेषा. भूमितीतील रेषेला जाडी नसते. पोलादाच्या रेषेला मात्र ती असतेच. उत्तम निसलेल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी मायक्रॉनच्या काही दशांशांइतकी भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा एक हजारावा भाग. दाढीच्या केसाची जाडी साधारणपणे १०० मायक्रॉन धरली, तर केसाच्या रुंदीत अशा दोनशे-तीनशे धारा शेजारी शेजारी मांडता येतील. एवढी बारीक गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसणे शक्य नाही, आणि याच गोष्टीचा उपयोग करून धारेची परीक्षा करता येते. वस्तरा दिव्याखाली धरून धारेकडे सरळ पाहावे. धार खरोखर बारीक असेल तर तेथून प्रकाश परावर्तित झालेला दिसत नाही, केवळ एक काळी सीमा दिसते. जेथे पांढरी चकाकणारी रेघ किंवा ठिपका दिसेल तेथे धार गेली आहे असे समजावे. कारण प्रकाश परतविण्याइतका रुंद पृष्ठभाग तेथे निर्माण झालेला असतो.

पाठ हीच मोजपट्टी

चाकूला किंवा विळीला धार लावताना पाते दगडावर किती कलते धरावे हे हाताच्या अंदाजावर सोपविलेले असते. वस्तऱ्याची गोष्ट निराळी आहे. वस्तऱ्याच्या पात्याची पाठ जाड असते आणि धारेकडे ते निमुळते होत जाते. पाते दगडावर आडवे ठेवले म्हणजे पाठ आणि धार या दोन्ही एकाच वेळी दगडास टेकतात. अशा रीतीने धारेचा कोन पात्याच्या घडणीतच ठरून गेलेला असतो. तो राखण्यासाठी पाठ न उचलणे एवढेच करावे लागते.

हा कोन किती असतो हे शाळेतील विद्यार्थ्यालाही काढता येईल. समजा, पाठीची जाडी ५ मिलिमीटर आहे आणि पाठीपासून धारेपर्यंतचे अंतर १८ मिलिमीटर आहे. पाठीची निम्मी जाडी अडीच मिलिमीटर. अडीचला १८ ने भागले असता ०.१३९ येतात. ज्याची स्पर्शज्या एवढी आहे तो कोन सुमारे ८ अंशांचा, आणि त्याची दुप्पट म्हणजे १६ अंश हा धारेचा संपूर्ण कोन. स्वयंपाकघरातील सुरीचा कोन बहुधा याच्या दुप्पट असतो. आता घाईने धार यावी म्हणून एखाद्याने पाठ दगडापासून केवळ एक मिलिमीटर उचलली असे मानू. तेवढ्याने प्रत्येक बाजूचा कोन सुमारे ३ अंशांनी वाढतो. धार त्वरित आल्यासारखी वाटते, कारण आता पोलादाचा अगदी अरुंद पट्टाच घासला जातो. परंतु ८ चे ११ झाले की संपूर्ण कोन १६ वरून २२ अंशांवर जातो, आणि असे काही वेळा घडले म्हणजे वस्तरा सुरीसारखा जाड होऊन त्वचेवर ओढ घेऊ लागतो. मग मूळ कोन परत आणण्यासाठी पुष्कळ पोलाद घासून टाकावे लागते.

पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासण्याची रीतही याच हेतूने आली. बाजू अंतर्गोल असल्या म्हणजे दगडास फक्त पाठीची कड आणि धारेची कड लागते, मधला भाग लागत नाही. घासावयाचे पोलाद कमी, म्हणून श्रम कमी. शिवाय निसताना पाठही किंचित झिजत असल्यामुळे रुंदी आणि जाडी एकाच वेळी कमी होतात आणि कोन वर्षानुवर्षे जवळपास तोच राहतो. हत्याराच्या घडणीतच त्याच्या दुरुस्तीचे माप बसविलेले असण्याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

पोलाद

जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्याच्या पोलादात कार्बनचे प्रमाण शेकडा एक किंवा त्याहून थोडे अधिक असते. ते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम निवविले, म्हणजेच त्याला पाणी दिले, की त्यात मार्टेन्साइट नावाची अत्यंत कठीण रचना तयार होते. त्या स्थितीत ते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून पुन्हा दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत हलके तापवून त्याचा ठिसूळपणा थोडा कमी करतात. या दुसऱ्या तापविण्याचे तपमान फार वाढले तर काठिण्य निघून जाते. वस्तरा कोरड्या फिरत्या चाकावर धरण्याची मनाई आहे ती याचसाठी. धारेजवळ पोलाद इतके पातळ असते की घर्षणाची उष्णता तेथून निघून जाण्यास वाट नसते. क्षणार्धात तेथे निळसर झाक येते, आणि ती झाक म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास गेल्याची खूण होय. तो भाग निकामी झाला. नंतर तो कितीही निसला तरी त्याची धार टिकत नाही.

चांगल्या वस्तऱ्यासाठी चांगले पोलाद शोधण्याच्या प्रयत्नात भारताचाही एक भाग आहे. १७९४ साली मुंबईतील एक वैद्य हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे भारतीय पोलादाचे काही नमुने पाठविले. या पोलादाला इंग्रज 'वूट्झ' म्हणत. कानडीतील 'उक्कु' या शब्दाचा तो अपभ्रंश असावा असे मानतात. मुशीत वितळवून केलेले हे उच्च कार्बनचे पोलाद दक्षिणेत तयार होई. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी सोसायटीपुढे जो निबंध मांडला त्याच्या शीर्षकात मात्र ते मुंबईत बनविले जाते असे म्हटले होते. वस्तुतः मुंबई हे केवळ रवानगीचे ठिकाण होते. नमुने ज्यांच्या हाती गेले त्यांत जेम्स स्टोडार्ट हे शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे करणारे लंडनचे कारागीर होते. त्यांना हे पोलाद इतके पसंत पडले की आपण युरोपातील उत्तम पोलादापेक्षा ते अधिक पसंत करतो, असे त्यांनी आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर छापले.

पुढे याच स्टोडार्ट यांच्या सहकार्याने मायकेल फॅरडे यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. फॅरडे हे लोहाराचे पुत्र. विद्युत्शास्त्रातील त्यांचे कार्य जगप्रसिद्ध आहे, पण त्याआधीची काही वर्षे त्यांनी भट्टीपाशी घालविली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून क्वचितच आढळते. वूट्झचे गुण कशामुळे येतात याचा शोध घेणे हा त्या प्रयोगांचा एक हेतू होता. पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडिअम, क्रोमिअम अशा धातू मिसळून त्यांनी पाहिले आणि १८२० व १८२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पोलादांचे वस्तरे करवून ते मित्रांना भेट देत. १८२३ साली स्टोडार्ट यांचे निधन झाले आणि त्यानंतर हे काम फार काळ चालले नाही. फॅरडे यांनी जपून ठेवलेल्या नमुन्यांची तपासणी सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी केली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तोपर्यंत क्रोमिअमचे पोलाद घरोघरी पोचले होते.

दगड कापतो म्हणजे काय

निसण्याचा दगड पोलादाला कापतो तो त्यातील कणांमुळे. पोलादापेक्षा कठीण असे बारीक कण मऊ द्रव्यात घट्ट बसलेले असले म्हणजे प्रत्येक कण पोलादावर एक सूक्ष्म ओरखडा काढतो. कण जितका लहान आणि जितका कमी खोल रुततो, तितका ओरखडा उथळ आणि धारेची किनार सरळ.

निसर्गातील अशा दगडांत बेल्जिअमच्या आर्देन प्रदेशातील व्हिएल्साल्म गावाजवळचा 'कोटिक्यूल' हा पिवळसर दगड विशेष प्रसिद्ध आहे. अभ्रकाच्या अतिसूक्ष्म पत्र्यांत गार्नेटचे असंख्य स्फटिक विखुरलेले, अशी त्याची रचना असते. स्फटिकांचा आकार सामान्यतः ५ ते २० मायक्रॉन, म्हणजे वस्तऱ्याच्या धारेच्या मानाने पुष्कळच मोठा. तरीही त्यावर उत्तम धार येते. याचे कारण गार्नेटच्या स्फटिकाचा आकार. तो अनेक पैलूंचा, जवळपास गोल असतो. पोलादात तो टोकाने घुसत नाही, बोथट कोपऱ्याने वरवर घासतो. या दगडाचे थर काही सेंटिमीटरच जाडीचे आणि ठिसूळ असल्याने शाळेची पाटी ज्या दगडाची होते त्या जातीच्या दगडाचा आधार खालून चिकटवून तो विकतात. जपानमध्ये क्योटोच्या आसपासच्या डोंगरांतून निघणारे दगड, आणि अमेरिकेत आर्कान्सा राज्यातील जवळजवळ शुद्ध सिलिकेचे दगड हेही याच कामाचे. जर्मनीच्या थुरिंजिआतील पाटीच्या दगडांनीही शंभर वर्षांहून अधिक काळ युरोपातील न्हाव्यांचे काम भागविले.

आपल्याकडील कुरुंदाचे नाव येथे घेतले पाहिजे. ॲल्युमिनिअमचे हे नैसर्गिक ऑक्साइड काठिण्यात हिऱ्याच्या खालोखाल गणले जाते, आणि युरोपीय भाषांतील त्याचे नाव भारतीय भाषांतूनच गेलेले आहे. आज कृत्रिम निसण्यांत बहुधा हेच द्रव्य असते, पण ते विजेच्या भट्टीत तयार केलेले आणि कण चाळून, निवडून एकसारखे केलेले. कृत्रिम दगडावर आकडा छापलेला असतो; आकडा जितका मोठा तितका कण लहान. जपानी मोजणीप्रमाणे १००० आकड्याच्या दगडातील कण सुमारे १२ ते १५ मायक्रॉनचे, तर ८००० आकड्याच्या दगडातील कण २ मायक्रॉनच्या आतले असतात. नैसर्गिक दगडाला असा आकडा देणे मात्र फसवे ठरते. कोटिक्यूलच्या उदाहरणावरून दिसतेच की कणाचा आकार, त्याची घडण आणि तो दगडात किती घट्ट बसला आहे, या तिन्ही गोष्टी मिळून दगडाचा गुण ठरतो.

प्रत्यक्ष कृती

प्रथम दगड सपाट आहे की नाही हे पाहावे. वापराने दगडाच्या मध्यभागी खळगा पडतो आणि खळग्यावर सरळ धार येत नाही. दगडावर शिसपेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा ओढाव्यात आणि काचेच्या जाड तावदानावर ओला पाणकागद ठेवून त्यावर दगड घासावा. रेघा सर्वत्र सारख्या पुसल्या गेल्या तर दगड सपाट. मध्ये शिल्लक राहिल्या तर त्या जाईपर्यंत घासत राहावे. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे पुष्कळ जण टाळतात, आणि नंतर दोष वस्तऱ्याला देतात.

दगडावर पाणी घालावे. आर्कान्सासारख्या दगडावर तेल वापरण्याची प्रथा आहे. पाणी किंवा तेल यांचा उद्देश झिजलेले पोलाद कणांमधल्या जागेत भरू न देणे हा होय. मग वस्तरा आडवा ठेवून, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे करून तो दगडावरून न्यावा. म्हणजे जणू दगडाचा अगदी पातळ पापुद्रा सोलून काढावयाचा आहे अशी ही चाल असते. दगडाची रुंदी बहुधा पात्याच्या लांबीपेक्षा कमी असते. यास्तव सुरुवात मुठीकडच्या भागापासून करून वस्तरा पुढे नेता नेता बाजूसही सरकवावा, म्हणजे शेवटी शेंडा दगडावर येतो आणि धारेच्या प्रत्येक भागास सारखे घर्षण मिळते. टोकाशी पोचल्यावर वस्तरा उलटवावा तो नेहमी पाठीवर, धार हवेत ठेवून, आणि त्याच रीतीने परत आणावा. दाब देऊ नये. पात्याच्या स्वतःच्या वजनाहून थोडा अधिक भार पुरे. जास्त दाबले की पातळ पाते वाकते, धारेची कड दगडापासून उचलली जाते आणि घर्षण भलत्याच ठिकाणी होते. शाळकरी मुलांनी ही कृती वडीलधाऱ्या माणसाच्या देखरेखीशिवाय करू नये, हे सांगावयास नकोच.

धार अगदी गेली असेल तर १००० आकड्याच्या आसपासचा दगड घ्यावा, नंतर ४०००, नंतर ८००० किंवा एखादा बारीक नैसर्गिक दगड. या क्रमात खरे महत्त्व पहिल्या दगडाला आहे. दोन्ही बाजूंचे उतार शेंड्यापासून बुडापर्यंत एकमेकांस भेटले पाहिजेत, आणि ते भेटविण्याचे काम पहिलाच दगड करतो. पुढचे दगड केवळ आधीच्या ओरखड्यांची खोली कमी करतात. न भेटलेले उतार ते भेटवू शकत नाहीत. उतार भेटले की नाही हे पाहण्यासाठी धारेच्या कडेला काळ्या शाईची रेघ ओढून दोनचार वेळा वस्तरा दगडावरून न्यावा. शाई धारेच्या अगदी टोकापर्यंत सर्वत्र निघून गेली तर काम नीट चालले आहे. एखाद्या ठिकाणी टोकाशी शाई राहिली तर तेथे दगड अद्याप पोचलेला नाही. भिंगाने पाहिले असता हे स्पष्ट दिसते. अनुभवी माणूस पाण्याकडे पाहूनच ते ओळखतो: धार दगडास सर्वत्र टेकली असली म्हणजे तिच्यापुढे पाण्याची सलग लाट चालते, नाहीतर पाणी मध्येच धारेखाली शिरते.

कोटिक्यूलसारख्या दगडावर त्याच जातीचा लहान तुकडा घासून दुधासारखा पातळ लेप तयार करतात. सुटे झालेले कण जलद कापतात, परंतु ते धारेवर समोरूनही आदळतात, त्यामुळे विशिष्ट मर्यादेपलीकडे धार बारीक होऊ शकत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने पाण्याचे थेंब टाकून लेप पातळ करीत नेतात आणि शेवटचे घर्षण निव्वळ पाण्यावर करतात. एकाच दगडाने आरंभी भरड आणि अखेरीस बारीक असे दोन्ही काम घेण्याची ही युक्ती मोठी हुशारीची आहे.

कोठे थांबावे हा प्रश्न नवशिक्याला सर्वांत जास्त छळतो. निसत राहिल्याने धार अधिकाधिक तीक्ष्ण होत जाईल अशी समजूत असते, पण तसे होत नाही. एका मर्यादेनंतर धारेचे टोक इतके पातळ होते की ते घर्षण सोसू शकत नाही. त्याचा पापुद्रा बनून तो या बाजूस किंवा त्या बाजूस लवतो आणि पहिल्याच दाढीत तुटून जातो, मागे खडबडीत किनार सोडून. अशा वेळी धार काही वेळा हलकेच उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे करून, दगडावरून ओढतात व पापुद्रा निघाल्यावर पुन्हा थोडेसे निसतात. परीक्षेसाठी डोक्याचा एक केस मुळाकडील टोकाने बोटांत धरून धारेवर टेकवून पाहावा. तो न ओढता सहज तुटला तर पुरे. अंगठा धारेवरून लांबीच्या दिशेने फिरवून पाहण्याची सवय मात्र सोडावी.

पट्टा आणि सावरीची फळी

दगडावरचे काम वर्षातून काही वेळाच करावे लागते. रोज उपयोगी पडतो तो चामड्याचा पट्टा. येथे दिशा उलटी: पाठ पुढे आणि धार मागे. धार पुढे केली तर ती चामड्यात शिरते. पट्टाही जातो आणि धारही. पट्टा ताणून धरावा, कारण सैल पट्टा धारेभोवती वळतो आणि तिला गोल करतो. उलटविताना येथेही पाठीवरच उलटवावे. दाढीपूर्वी अशा वीस-तीस फेऱ्या पुरतात.

पट्टा नेमके काय करतो याविषयी बराच वाद होता. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन यांनी २००४ साली धार लावलेली पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. नुसत्या स्वच्छ चामड्याने दगडाचे ओरखडे फारसे बुजत नाहीत, मात्र क्रोमिअम ऑक्साइडची हिरवी पूड चोळलेल्या चामड्याने ते कमी होतात आणि पापुद्राही निघून जातो, असे त्यांना आढळले. तेव्हा साध्या पट्ट्याचे काम दगडाहून वेगळे मानले पाहिजे. लवलेली किनार सरळ करणे आणि धारेवर चिकटलेला ओलावा, साबण व गंजाचे कण पुसून काढणे हे ते काम होय.

ही दोन पायऱ्यांची पद्धत भारतीयांना फार प्राचीन काळी ठाऊक होती. सुश्रुतसंहितेतील सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा विचार केला आहे. शस्त्र पाजळण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार नीट बसविण्यासाठी शाल्मलीची, म्हणजे काटेसावरीची फळी, असा भेद तेथे स्पष्ट केलेला आहे. सावरीचे लाकूड अतिशय हलके व मऊ असते. चामड्याच्या पट्ट्याचे काम ते करीत असले पाहिजे हे उघड आहे. हत्यार कोणत्या कामाचे त्यावर धारेची जाडीही सांगितलेली आहे: भेदन करणाऱ्या शस्त्राची धार मसुराएवढी, खरवडणाऱ्याची अर्ध्या मसुराएवढी, वेध करणाऱ्याची केसाएवढी आणि छेद घेणाऱ्याची अर्ध्या केसाएवढी. चांगल्या धारेची खूण म्हणून केस कापला जाण्याचीच कसोटी दिली आहे. पोलादाला क्षारात, पाण्यात आणि तेलात पाणी देण्याचे तीन प्रकारही त्याच ठिकाणी आढळतात.

केस पोलाद कसे तोडतो

आता आरंभीच्या कोड्याकडे वळता येईल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी बाजारातील नेहमीची दाढीची पाती घेतली. संशोधकांपैकी एकाने त्यांनी स्वतःची दाढी करून दर वेळी पाते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. धार घासून हळूहळू गोल होत असावी अशी अपेक्षा होती. तसे दिसले नाही. धारेचे सूक्ष्म टवके उडालेले दिसले. मग त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आतच एकेक केस कापणारे लहानसे यंत्र बसविले आणि टवका उडताना प्रत्यक्ष पाहिला.

केस धारेला काटकोनात भेटला तर पोलादास इजा होत नाही. केस लवचीक असल्यामुळे कापला जाताना तो वाकतो आणि धारेला बाजूने ढकलतो. पोलाद सर्वत्र एकजिनसी नसते. त्यात कठीण व तुलनेने मऊ असे भाग सूक्ष्म प्रमाणात शेजारी शेजारी असतात. केसाची कड अशा एखाद्या सीमेवर आली आणि केस वाकलेला असला, तर सारा ताण त्या एका बिंदूवर एकवटतो व टवका उडतो. मऊ पदार्थ कठीण पदार्थाला घासत नाही, तर त्यातील दुबळी जागा हेरून तो तेथे त्यास तोडतो, असे थोडक्यात म्हणता येईल. निसण्याचा खोल ओरखडा धारेपर्यंत गेलेला असेल तर तीही एक दुबळी जागाच. बारीक दगडाने ओरखडे उथळ करण्याचा जुना आग्रह यामुळे समजतो. दाढीपूर्वी केस गरम पाण्याने भिजविण्याचेही कारण यातच आहे. केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो, आणि भिजलेला केस कापण्यास कमी बल लागते. धारेवर बाजूने येणारा ताण तेवढा कमी होतो. दोन-तीन मिनिटांचा धीर धरल्यास दगडावरचे पुष्कळ काम वाचते.

जुन्या कार्बन पोलादाचा आणखी एक शत्रू म्हणजे गंज. मायक्रॉनच्या अंशाइतक्या पातळ धारेला एका रात्रीचा ओलावाही नडतो. वापरानंतर वस्तरा पाठीकडून धारेकडे पुसावा, नीट वाळवावा, दमट हवेत तेलाचा हात फिरवून ठेवावा, आणि मोरीच्या फळीवर कधीही ठेवू नये. आरोग्याची बाजू याहून गंभीर आहे. त्वचेवरील दिसणार नाही इतक्या लहान जखमेतून यकृतदाहाच्या ब प्रकारचे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, आणि पट्ट्यावर किंवा दगडावर वस्तरा कितीही घासला तरी तो निर्जंतुक होत नाही. उलट पट्टाच दूषित होतो. यासाठीच आज भारतातील बहुतेक केशकर्तनालयांत दर गिऱ्हाइकास नवे अर्धे पाते बसविण्याचा वस्तरा वापरतात. निसून वापरावयाचा वस्तरा एकाच माणसाचा असावा.

न्हाव्याच्या धोकटीतून निसण्याचा दगड असा दूर झाला असला, तरी प्रयोगशाळेत त्याचे स्थान बराच काळ टिकून होते. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात देठाचा पातळ छेद घेण्यासाठी एक बाजू सपाट आणि दुसरी अंतर्गोल असा वस्तरा वापरीत. मायक्रोटोम या छेद घेण्याच्या यंत्रातील जड सुरीला निसताना पाठीवर एक काढता-घालता येणारी धातूची नळी चढवीत; म्हणजे वस्तऱ्याला जी पाठ जन्मतःच मिळालेली असते ती या सुरीला तात्पुरती देत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही पातळ छेद हवे झाले तेव्हा निसलेले पोलाद अपुरे पडले. १९५० साली लाटा आणि हार्टमन यांनी साधी जाड काच विशिष्ट रीतीने फोडून मिळालेल्या कडेने असे छेद घेता येतात हे दाखविले. काचेची ही धार निसावी लागत नाही आणि निसताही येत नाही. तिचा उपयोग थोडा वेळच होतो, मग काचेचा दुसरा तुकडा फोडतात.